दहा दिवस परदेशात, त्याआधी दोन महिने सोलापूरच्या पूर्व भागात

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवाल. कॉलेजच्या पोरांना दहा-बारा दिवस परदेशात फिरवून आणलं की ती आपोआप जगाची होऊन येतात, असं काही होत नसतंय. मी सोलापुरातून दोन बॅच नेल्या. पहिली जशी गेली तशी परत आली, बदल म्हणाल तर फोनमधली जागा तेवढी संपली होती. दुसऱ्या वेळी, जर्मनीला नेताना, थोडं डोकं लावलं, त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहितोय.

प्रस्तावात आपण 'आंतरसांस्कृतिक कौशल्ये' असं लिहितो, कारण तसं लिहिल्याशिवाय फाईल पुढं सरकत नाही. साध्या भाषेत म्हणजे काय, तर आपल्याहून वेगळ्या माणसाबरोबर काम करताना त्याच्या वागण्याचा लगेच भलता अर्थ न काढणं, आपलं म्हणणं त्याला कळेल असं सांगणं आणि अडलं तर न लाजता विचारणं. अमेरिकेत २००९ मध्ये जॉर्जटाउन कन्सॉर्शियमचा एक मोठा अभ्यास छापून आला, हजाराच्या वर विद्यार्थी होते त्यात, आणि त्यातून हेच निघालं की नुसतं तिकडं राहून विशेष काही होत नाही, तिथं कुणी जाणतं माणूस पोरांना बसवून, त्यांनी जे पाहिलं त्यावर बोलतं करत असेल तर फरक पडतो. माझ्या पहिल्या बॅचला असं कुणी नव्हतं. मीच होतो की खरं तर, पण मी बसच्या वेळा आणि जेवणाची कुपनं सांभाळत होतो.

कार्यक्रम निवडताना

आमच्याकडं एक एजंट आला होता, गुळगुळीत कागदावरचं ब्रोशर, सात दिवस, बेचाळीस पोरं, तीन देश. युनिव्हर्सिटी भेट किती वेळ विचारलं तर म्हणला चाळीस मिनिटं सर, पण फोटो गेटवरच काढू. असल्या दौऱ्याला सहल म्हणा आणि खुशाल जा, सहल वाईट नसते, फक्त त्याच्या नावावर क्रेडिट मागू नका.

यजमान युनिव्हर्सिटीला मेल लिहिताना दोनच गोष्टी खोदून विचारा. आमची पोरं तिथल्या पोरांबरोबर रोज किती तास एका टेबलावर काम करणार? आणि गट मिसळून करणार की आमच्यावाल्यांना एका खोलीत बसवून लेक्चर देणार? गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की दोन गटांची माणसं नुसती जवळ आणून मनातली अढी जात नाही, दोघांचा दर्जा बरोबरीचा पाहिजे, काम दोघांचं मिळून एक पाहिजे, एकमेकांवाचून ते अडलं पाहिजे आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा पाहिजे. पाहुणे म्हणून गेलात तर पाहुणचार मिळतो, टाळ्या मिळतात, एक शोपीस मिळतं आणि संपलं. आठ ते बारा पोरांचा गट बरा. त्याच्यावर गेला की आपलीच चाळ तयार होते, पोरं एकमेकांत मराठीत गप्पा मारतात आणि जर्मन पोरगं कोपऱ्यात फोन बघत बसतं.

पर्याय बरेच आहेत. उन्हाळी शाळा असतात. जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम २०१४ पासून आहे, थोड्या दिवसांसाठी बोलावतात. युरोपात इरॅस्मस प्लस या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या योजनेखाली 'ब्लेंडेड इंटेन्सिव्ह प्रोग्राम' म्हणून प्रकार आहे, त्यात प्रत्यक्ष जाणं ५ ते ३० दिवसांचं आणि जोडीला ऑनलाइन भाग सक्तीचा, किमान ३ ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या मापाची क्रेडिट. यजमानांनी घेतलं तर आपली पोरंही त्यात बसतात, पण खर्च कोण करणार ते आधी लेखी घ्या. मला हा ऑनलाइन भाग सक्तीचा असणं फार आवडतं, कारण पोरं भेटायच्या आधीच एकमेकांवर चिडून मोकळी होतात.

आणि ज्या पोराच्या घरी एवढे पैसे नाहीत, आपल्याकडं बहुतेकांच्या घरी नाहीतच, त्यांच्यासाठी कोइल आहे. न्यूयॉर्क राज्याच्या युनिव्हर्सिटीनं २००६ मध्ये ते सेंटर काढलं. कल्पना सोपी, दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या वर्गाला जोडून पाच-सहा आठवडे एक प्रोजेक्ट ऑनलाइन करून घेतात. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं असतं, म्हणजे सोलापुरात दुपारी साडेचारला बसलं की तिकडं एक वाजलेला असतो, दोघांनाही जमतं. जाणाऱ्या दहा पोरांच्या आधी अख्ख्या वर्गाला हे करायला लावा.

क्रेडिटचं परीक्षा विभागाशी आधी बोला, परत आल्यावर नाही. पोरांची क्रेडिट जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, परदेशी युनिव्हर्सिटीशी मिळून शिकवण्याचे युजीसीचे २०२२ चे नियम आहेत, पण तुमच्या कॉलेजात ते कुठल्या टेबलावर अडकतं हे तुम्हालाच माहीत.

कागदपत्रं पटकन उरकू

पासपोर्ट नसलेल्यांना पहिल्याच मीटिंगला हुडका, निम्म्यांकडं नसतो. आपल्या सोलापुरात पोस्टातच केंद्र आहे, साध्या अर्जाची फी १५००, पण पोलिस व्हेरिफिकेशनला पोरगं कॉलेजच्या रूमवर आणि कायमचा पत्ता गावाकडचा असा घोळ हमखास होतो, तो धरूनच दिवस मोजा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि हे नीट वाचा, फी ९० युरो आहे पण शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती शेंगेनच्या व्हिसा कोडमध्ये माफ आहे, यजमानांच्या पत्रात उद्देश स्पष्ट लिहून घ्या, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज तेवढा द्यावा लागतो. पहिल्या बॅचला आम्ही हे न वाचता सगळ्यांची फी भरून मोकळे झालो होतो.

निघायच्या आधीचे दोन महिने

खरं काम इथं आहे आणि ते सोलापुरातच करायचंय.

पहिल्या दिवशी पोरांना सांगा, काल सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाशी कुठल्या भाषेत बोललात ते लिहून आणा. अक्कलकोटकडची एक मुलगी होती, घरी कन्नड, कॉलेजात मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी, शेजारच्या काकूंशी मोडकंतोडकं तेलुगू. आणि ही मुलगी अर्जात लिहिते, 'मला परक्या लोकांत वावरायचा अनुभव नाही, इंग्लिश वीक आहे.' म्हणलं अगं बाई, तू दिवसातनं चार वेळा माणूस बघून भाषा, आवाज, बसायची पद्धत सगळं बदलतेस, तेच तर पाहिजे. तिला ते कौशल्य वाटतच नव्हतं. आपल्याकडच्या पोरांचं हेच आहे, गल्लीत जे रोज करतात ते तिकडं जाऊन पुन्हा पहिलीपासून शिकायचं असतं असं त्यांना वाटतं.

मग एक वही द्या, पानावर तीन रकाने. काय दिसलं, मला काय वाटलं, मी काय ठरवलं. परदेशात प्रशिक्षण देणारे हा व्यायाम फार वर्षांपासून घेतात, वर्णन-अर्थ-निर्णय म्हणून, मी फक्त त्याचं सोलापुरीकरण केलंय. ऐकायला सोपं वाटतंय, करताना घाम फुटतो, कारण पोरं थेट तिसऱ्या रकान्यापासून सुरू करतात.

वही घेऊन पूर्व भागात जा. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पूर्व भाग म्हणजे आमची तेलुगू भाषिक विणकरांची वस्ती, चादरी-टॉवेल विणणारे पद्मशाली समाजाचे लोक, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो भाग. सोलापुरात तीन-तीन वर्षं राहून कित्येक पोरं तिकडं एकदाही कुणाच्या घरात गेलेली नसतात. आम्ही दोन-दोनच्या जोड्या केल्या, ओळखीतनं घरं ठरवली, दोन तास बसायचं, फोन खिशात.

मंगळवेढ्याकडचा एक पोरगा परत आला, वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं, 'लोक भांडखोर आहेत.' पहिला रकाना रिकामा. म्हणलं दिसलं काय ते सांग. म्हणला सर घरातले सगळे एकमेकांवर ओरडत होते, आजोबा मला पण ओरडले. काय ओरडले? म्हणला 'कूर्चो, कूर्चो'. आता कूर्चो म्हणजे बस की बाबा, खाली बस! मग विचारलं घर कसं होतं. खाली चार लूम, वर राहायचं, लूम चालू. किती वेळ चालू? दिवसभर. मग तू त्या घरात वीस वर्षं राहिला असतास तर हळू बोलला असतास काय? पोरगं गप्प. थोड्या वेळानं म्हणतं, सर, म्हणजे त्यांना हळू बोललेलं ऐकूच येत नसणार. तिथं त्यानं स्वतः पेन घेऊन तिसरा रकाना खोडला. हा एक खोडलेला रकाना सहा लेक्चरला भारी आहे, आणि त्याला विमानाचं तिकीट लागलं नाही.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकातही एक दुपार घालवा. शाळेची ट्रिप करू नका, एकच प्रश्न देऊन न्या. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, ते तिथली भाषा शिकले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, १९४२ मध्ये बत्तीसाव्या वर्षी तिथंच वारले. प्रश्न असा, की या माणसाला पहिले सहा महिने रोज काय काय अडलं असेल? औषधं सोडून सांगा. पोरं आधी देशभक्तीवर भाषण देतात, ते होऊ द्या, मग हळूहळू निघतं, जेवण, थंडी, पेशंट दुखतंय कुठं हे कसं सांगणार, विनोद कळत नसणार.

इंग्लिशची भीती सगळ्यात मोठी असते. तिच्यावर व्याकरणाचा क्लास लावू नका. तीन वाक्यं मात्र तोंडात बसवा: जरा हळू सांगता का, मी असं समजलो ते बरोबर आहे का, आणि मला अजून बोलायचंय. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ऑनलाइन मीटिंगमध्ये आमची एक हुशार मुलगी तासभर गप्प बसली, तिकडच्या मुलीनं शेवटी कामाची वाटणी करताना हिला काहीच दिलं नाही. हिला वाटलं मला कमी लेखलं. तिकडच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बोलली नाही म्हणजे तिला या विषयात रस नाही असं मी धरलं, बळजबरी नको म्हणून नाव घातलं नाही. आपल्याकडं शहाणी मुलगी विचारल्यावर बोलते, तिकडं ज्याला बोलायचंय तो बोलतो. दोघीही आपापल्या जागी सभ्यच वागत होत्या आणि दोघीही दुखावल्या. म्हणून महिनाभर वर्गात नियम ठेवला, प्रत्येकानं न विचारता एकदा तरी मध्ये तोंड घालायचं. पहिला आठवडा भयाण गेला.

पालकांची मीटिंगही घ्या, आणि चहा-बिस्किटावर भागवू नका. मुलींच्या घरून प्रश्न जास्त येतात, राहायची सोय, रात्री कुठं, सोबत मॅडम कोण, त्यांची सरळ उत्तरं द्या, सोबत मॅडम नसतील तर मुलीच काय मुलंही नेऊ नका. आणि पालकांकडून एक कबूल करून घ्या, दिवसातून एकच फोन, वीस मिनिटं. आई तासभर व्हिडिओ कॉलवर असेल तर पोरगी जर्मनीत नसतेच, ती सोलापुरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेली असते.

तिथं गेल्यावर

आम्ही साक्सनीत केम्निट्झजवळ होतो. शनिवारी रात्री उशिरा पोचलो आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात हे मला माहीत असून मी विसरलो. नऊ पोरं, दोन शिक्षक, हॉस्टेलचं किचन मोकळं. कडक भाकरी आणि शेंगा चटणीनं वाचवलं, खोटं नाही सांगत, त्या दिवशी आमच्या मॅडमनी आणलेल्या भाकरीच्या चवडीपुढं हात जोडावेसे वाटले. (यावरून एक लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तुपाचा डबा घरीच. भाकरी आणि चटणी चालते.) पण बघा, त्या उपाशी रविवारी संध्याकाळच्या बैठकीत जी चर्चा झाली तशी नंतर झाली नाही. एक म्हणाला काय मागास देश आहे बे, रविवारी साधं दूध मिळत नाही. दुसरी म्हणाली, तुझ्या मामाचं दुकान रविवारी उघडं असतंय, मामा सुट्टी कधी घेतो? कधीच नाही म्हणाला. मग कोण काय ठरवतंय यावर तासभर गेला.

ही संध्याकाळची बैठक कितीही दमलात तरी सोडू नका. अर्धा तास, गोल बसून, वही उघडी, मराठीत. हो, मराठीतच, कारण दिवसभर परक्या भाषेत बोलून पोरं थकलेली असतात आणि मनातलं खरं आपल्या भाषेतच निघतं. मास्तरांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं, हे कुठल्या रकान्यातलं? तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्याचाच पोरगा म्हणाला, ट्राममध्ये सगळे घुम्यासारखे बसतात सर, कुणी कुणाशी बोलत नाही, माणुसघाणे आहेत. मी काही बोलणार एवढ्यात अक्कलकोटची म्हणाली, कूर्चो. सगळे खो खो हसले आणि त्यानं स्वतःच वही ओढली.

कामाच्या टेबलावर जास्त लागतं. जर्मन पोरानं आमच्या एकाला सांगितलं, ही स्लाईड नको, यात काही नाही. बस. पुढं ना स्मित ना सॉरी. आमचा पोरगा जेवला नाही त्या रात्री. आपल्याकडं असं तोंडावर म्हणलं की माणूसच नको असा अर्थ होतो, तिकडं स्लाईड नको म्हणजे स्लाईडच नको, तासाभरानं तोच पोरगा याला फुटबॉलला बोलवायला आला. उलट आमच्या पोरांचं 'हो हो, होऊन जाईल' ऐकून ते बिचारे काम झालंच म्हणून निर्धास्त बसले. दोन्ही बाजूंना एकत्र बसवून, आमच्याकडं 'बघू' म्हणजे बहुतेक 'नाही' असं फळ्यावर लिहून समजावलं. हा तास कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, तुम्ही तुमच्या ठेवा.

मोकळं सोडा त्यांना. रोज दोन तास, जोडीनं, एखादं बारीक काम देऊन. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकून तिचे २५ सेंट परत आणा. पोस्टात जाऊन घरी पत्र टाका. गाडी एक नसताना लाल दिव्याला उभं राहून बघा आजूबाजूचे काय करतात. म्युझियमपेक्षा यात जास्त शिकतात, आणि स्वस्तात.

एवढ्या कमी दिवसांत कल्चर शॉक येतो का असं विचारतात. थोडा येतो, पण दहा दिवसांत नवलाई संपायच्या आतच परतीचं विमान असतं, त्यामुळं तिथं सगळं गोडच वाटतं, झटका परत आल्यावर बसतो, सोलापुरातल्या सात रस्ता चौकात उभं राहून. तेव्हा पोरं आठवडाभर आपल्या गावाला नावं ठेवत फिरतात, रागावू नका.

परत आल्यावर

बहुतेक ठिकाणी परत आल्यावर काय होतं, तर प्राचार्यांसमोर पीपीटी, हार, बातमीचं कात्रण, खलास. फीडबॅक फॉर्मवर सगळे पाचपैकी पाच देतात, त्यातनं जेवण बरं होतं एवढंच कळतं.

मी काय केलं, जायच्या आधी सगळ्यांना एक प्रसंग दिला होता, तुमच्या गटातली परदेशी मुलगी सलग दोन मीटिंगला दहा मिनिटं आधी येऊन तुमच्याकडं घड्याळ दाखवते, तुम्ही काय कराल, एक पान लिहा. परत आल्यावर महिन्यानं तोच प्रसंग, पुन्हा एक पान. दोन्ही कागद शेजारी ठेवून पोरानंच वाचायचे. आधीच्या कागदात 'ती उद्धट आहे, मी दुर्लक्ष करेन' आणि नंतरच्यात 'मी तिला विचारेन की वेळ किती वाजता धरायची' असं दिसलं तर काहीतरी झालंय. काहींचे दोन्ही कागद जवळपास सारखे निघाले, तेही प्रामाणिकपणे अहवालात लिहा.

एका वाक्यापासून सावध राहा. परत आलेली पोरं हमखास म्हणतात, 'सर, शेवटी माणूस सगळीकडं सारखाच.' आपल्यालाही बरं वाटतं ऐकून. मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये सहा पायऱ्या मांडल्यात, वेगळेपण दिसतच नाही इथपासून ते दोन्हीकडं सहज वावरता येतं इथपर्यंत, त्यात हे 'सगळे सारखेच' तिसऱ्या पायरीवर येतं, म्हणजे अर्ध्या वाटेत. सारखाच म्हणलं की फरक बघायची गरज संपते. तेव्हा लगेच विचारा, बरं, सारखा कुठं आणि कुठं नाही, वहीतनं तीन-तीन दाखव.

महिन्यानं त्याच जोड्या पूर्व भागातल्या त्याच घरी पुन्हा पाठवल्या, जर्मनीचे फोटो दाखवायला. मंगळवेढ्याच्या पोरानं आजोबांना ट्राम दाखवली, बर्फ नसलेलं गाव दाखवलं, बाटलीचं मशीन दाखवलं. आजोबांनी लूमच्या आवाजावरून ओरडून एकच विचारलं, तिकडं माग आहेत का? याला माहीतच नव्हतं. एवढे दिवस राहून कुणाला विचारलंच नव्हतं. त्या रात्री त्यानं त्याच्या गटातल्या मुलीला मेसेज टाकला, तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, की केम्निट्झला एके काळी साक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, तिची आजी पायमोज्यांच्या कारखान्यात होती, १९९० नंतर तिथले कारखाने पटापट बंद पडले, आणि खाली मशीनपुढं उभ्या असलेल्या आजीचा एक काळापांढरा फोटो. मला त्याचा मेसेज आला, सर उद्याच्या सेशनला थोडा उशीर होईल, आधी आजोबांकडं जाऊन येतो.